मोठ्या झिंग्यांची आतडी

जळकोटच्या चन्नम्मा कलशेट्टी यांचं पत्र पोळ्याच्या आदल्या दिवशी आलं होतं. दसरा उलटून गेला तरी सरवदे सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

उत्तर द्यायचं नाही असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. ठरवणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. पत्र आलं त्याच दुपारी कागद पुढ्यात ओढून 'आपले पत्र मिळाले' इथपर्यंत त्यांनी झकास मजल मारली होती. पुढचं वाक्य 'आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे' असं झालं, आणि त्या काही गोष्टी स्पष्ट करता करता पानामागून पानं भरली. शेवटच्या पानाला पोचेपर्यंत पहिल्या पानावरचा मजकूर त्यांना संशयास्पद वाटू लागला. कागद फाडले. पुन्हा लिहिले, पुन्हा फाडले. केशरबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, त्या तुकड्यांवर आंघोळीचा बंब पेटवायचा रिवाज पाडला.

खुद्द पत्र मात्र एवढंसं होतं. 'सर, तुमचा लेख वाचला. आमच्या बचत गटानं शेततळ्यात झिंगे सोडलेत. एकाच दिवशी सोडले, एकच खाद्य घालतो, तरी काही वीतभर झाले आन काही बोटभरच ऱ्हायले. लोहाऱ्याचे शिवराज बिराजदार म्हणतात, मोठ्या झिंग्यांची आतडी वाटून तळ्यात घाला, आमच्या सरांनीच लिवलंय. खरं हाय का? गटातल्या बाया माझ्या शब्दावर थांबल्यात. दोन ओळी लिहा.' खाली फोन नंबर नव्हता. असता तरी सरांनी फोन केला असता असं नाही. फोनवर समोरचा माणूस लगेच उत्तर मागतो, ही त्यांच्या मते त्या यंत्रातली मोठीच खोट होती.

अमृत सरवदे लोहाऱ्यात राहत आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. शिकवताना ते फळ्याकडे तोंड करून बोलत. त्यांचे विद्यार्थी त्यांना पाठीवरून ओळखत. फळ्यावरच्या आकृत्या मात्र अशा रेखीव असत की पुसायला नको वाटे. घरात माणसांपेक्षा पुस्तकं जास्त, आणि सरांचं दोघांशीही फारसं बोलणं नसे. पुस्तकं त्याबद्दल तक्रार करत नसत, एवढाच फरक.

अशा माणसाच्या हातून लेख लिहून झाला, हेच मुळात नवल. जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाला वर्धापनदिनाच्या विशेषांकाची पानं भरायची होती. सरांनी बरेच दिवस खपून गोड्या पाण्यातल्या झिंग्यावर लिहून दिलं. एका तळ्यातले, एका वयाचे झिंगे सारखे का वाढत नाहीत? संशोधकांनी मोठ्या आणि लहान झिंग्यांची आतडी तपासली, तर दोन्हींत जिवाणूंची वस्ती वेगवेगळी निघाली. हे जिवाणू खाल्लेलं फोडतात, त्यातलं किती अंगाला लागायचं आणि किती नुसतं जळून जायचं यात त्यांचा हात असतो. इथवर सगळं पुस्तकातलं होतं. पुढं सरांना लहानपणची एक आठवण घालायचा मोह झाला. जनावराचा रवंथ बंद पडला की त्यांचे वडील दुसऱ्या धडधाकट जनावराच्या तोंडातला रवंथ काढून त्याला भरवत, आणि आजारी जनावर पुन्हा चघळू लागे. एकाच्या पोटातली वस्ती दुसऱ्याच्या पोटात नेऊन बसवायची ती जुनी रीत. तसंच काही झिंग्यांच्या बाबतीत करता येईल, कदाचित.

हे 'कदाचित' त्यांनी प्रत्येक वाक्याला लावलं होतं, आणि जिथं एकानं भागेना तिथं जोडीला 'असे म्हणण्यास वाव आहे' हेही होतं. संपादकाला जाहिरातींसाठी जागा हवी होती. त्यानं सगळी कदाचितं झाडून काढली आणि त्या जागेत एका ट्रॅक्टरची जाहिरात आरामात बसली. अंक हातात पडल्यावर सर हादरले. त्यांनी लेख पुन्हा वाचला. मग आणखी एकदा वाचला. आपली वाक्यं इतकी छाती काढून उभी राहिलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. खुलासा पाठवायला हवा, असं त्यांना वाटलं खरं. पण तो त्यांनी पाठवला नाही, आणि का पाठवला नाही याचा विचारही त्यांनी फार खोलात जाऊन केला नाही.

लेख वाचून चार दिवसांत शिवराज बिराजदार घरी आला. हा सरांचा जुना विद्यार्थी, आता झिंगा उत्पादक संघाचा अध्यक्ष. संघात अध्यक्षाखेरीज फारसं कोणी नव्हतं, पण लेटरहेड होतं, शिक्का होता आणि जीपवर पाटी होती.

"सर, लई भारी लिवलंय तुमी," शिवराज खुर्चीत बसता बसता म्हणाला. "आपल्या तालुक्यात असा हिरा, आन आपल्याला पत्त्याच न्हाय."

"अरे, मूळ लिखाणात कदाचित असं होतं," सर त्याच्या मागच्या कपाटाकडे बघत म्हणाले.

"कदाचित कशाला? आमच्या म्हशीचा रवंथ बंद पडला तवा आज्जानं हेच केलतं. म्हस उठून उभी ऱ्हायली. मग झिंग्याला का लागू न्हाय?"

"झिंगा रवंथ करत नाही, शिवराज."

"तेच म्हंतो की म्या. रवंथ न्हाय म्हणून डायरेक आतडीच घ्यायची."

या युक्तिवादाला काय उत्तर द्यावं हे सरांना आठवडाभर सुचलं नाही, आणि शिवराज काही आठवडाभर थांबला नाही. शेतात जीवामृत करायची रीत त्याला पाठ होती. पिंपात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, आणि सावलीत आंबायला ठेवायचं. त्यानं शेणाच्या जागी आतडी घातली. आतड्यांसाठी त्यानं आपल्या शेततळ्यातले होते नव्हते तेवढे मोठे झिंगे जाळं लावून काढले, त्यांचं मांस हायवेवरच्या धाब्यांना दिलं, आणि पिंपातला फसफसणारा काला तळ्यात ओतला. आणि नवल असं, की बोटभर झिंगे खरोखरच वाढले. महिना सरला तेव्हा त्यांतले कित्येक वीतभर झाले होते.

मग काय विचारता. शिवराजनं पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये तो काला भरला, नाव ठेवलं 'सरवदे संजीवनी', आणि कॅनवर सरांचा फोटो छापला. फोटो कॉलेजच्या जुन्या ओळखपत्रावरचा होता. त्यात सर कुणीतरी दम दिल्यासारखे दिसत होते. गिऱ्हाइकांनी त्याला शास्त्रज्ञाचं गांभीर्य मानलं.

सरांना याची लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पण लाजेच्या पोटात दुसरंच काही गुदगुल्या करत होतं. चहावाला त्यांना बघून बाक पुसू लागला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. इतकी वर्षं ते दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसत आले होते. भाजी आणायला निघाले की ते हटकून कृषी सेवा केंद्रावरून जात. तिथं फळीवर त्यांचेच घाबरलेले चेहरे ओळीनं मांडलेले असत.

"मंडई हिकडं हाय," केशरबाई दारातून म्हणत. "तिकडून कशाला जाताव? फोटूला दिस्टबिस्ट लागती का बघायला?"

"रस्ता बरा आहे तिकडचा," सर म्हणत.

"व्हय, लई बरा. कालच्यान म्हस बसलीय मधी."

चन्नम्माबाईंचं पत्र याच दिवसांत टेबलावर पडून होतं. सर रोज ते उचलत, वाचत आणि खाली ठेवत. खरं हाय का, एवढंच बाईंनी विचारलं होतं. 'हो' लिहावं तर पुस्तकं ओरडत होती, आणि 'नाही' लिहावं तर फळीवरचे चेहरे.

दसऱ्यानंतर एका सकाळी शिवराज सरांना जीपमध्ये घालून आपल्या चुलतभावाच्या, भीमाशंकरच्या, शेततळ्यावर घेऊन गेला. भीमाशंकरनं मोठे झिंगे काढले नव्हते. पोसलेले झिंगे मारायला त्याचं मन धजलं नाही. त्यानं संजीवनीचे कॅन विकत घेऊन तळ्यात ओतले होते. ते दोघं पोचले तेव्हा तळ्याच्या कडेनं झिंगेच झिंगे दाटले होते. काही तर तळ्याला अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकवर चढून मिशा हलवत होते. पाण्याला आंबूस वास येत होता.

"बघा सर," शिवराज म्हणाला. "औषध चढलंय. आजून मागायला काठाला आलेत."

सर काठाशी वाकले. कुजकी आतडी आणि गूळ पाण्यात पडला की त्यावर जंतूंची झुंबड उडते, ते जंतू पाण्यातली हवा खाऊन टाकतात, आणि मग झिंगे श्वासासाठी कडेला येतात, हे त्यांनी पहिल्या वर्षाच्या पोरांना फळ्यावर काढून दाखवलं होतं.

"हवा," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "पाण्यात हवा नसावी, बहुतेक."

"काय म्हणले सर?" भीमाशंकरनं विचारलं.

"सर म्हंतेत, आता आपलीच हवा," शिवराजनं सांगून टाकलं.

भीमाशंकर भोळा असला तरी तळं त्याचं होतं. झिंगे असे कडेला आलेले त्याला बघवेनात. त्यानं विहिरीवरची मोटार चालू करून पाण्याची धार उंचावरून तळ्यात सोडली, आणि तासाभरात झिंगे खाली गेले. शिवराज म्हणाला, पोट भरलं त्यांचं.

मग भीमाशंकरनं खाद्याचं ताट बघायला वर ओढलं. बांबूच्या चौकटीला जाळी लावून केलेलं ते ताट तळाशी ठेवलेलं असतं. ताटावर निळ्या नांग्यांचे धिप्पाड झिंगे ठाण मांडून बसले होते. हवेत आले तरी त्यांनी दाण्यावरचा हक्क सोडला नाही. लहानांपैकी दोघंतिघं ताटाच्या काठाला धरून होते, ताटात एकही नाही.

"ह्ये असंच," भीमाशंकर म्हणाला. "थोरल्यांचं उरकल्याबिगर बारक्यांना शिरू देत न्हाईत. नांगी उगारत्यात."

सर त्या ताटाकडे बराच वेळ बघत राहिले. शिवराजनं आपल्या तळ्यात दोन गोष्टी एकदम केल्या होत्या. आतडी ओतली होती, आणि ताट अडवून बसणारे काढून टाकले होते. लहान वाढले ते कशानं? आतडीनं असेल, ताट मोकळं झालं म्हणूनही असेल. दोन्ही एकाच दिवशी केल्यावर कोण छातीवर हात ठेवून सांगणार? आणि दुसरं असं, की जो दिवसभर ताटावर बसून खातो, त्याच्या पोटातली वस्ती खाणाऱ्याची असणारच. मग वस्तीमुळं तो मोठा झाला, की मोठा झाल्यामुळं त्याला ती वस्ती मिळाली? साखर कारखान्याच्या एखाद्या चेअरमनचं पोट तपासावं, त्यात सापडतील ते जंतू गावाला पाजावेत, आणि मग सगळं गाव चेअरमन व्हायची वाट बघत बसावं, तशातली ही गत.

सरांना हसू आलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना एक विनोद सुचला होता. परत येताना जीपमध्ये तो सांगावा असं त्यांच्या दोनदा मनात आलं. पण शिवराजचा सासरा कुठल्याशा कारखान्यावर संचालक होता, म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

दोन दिवसांनी एका मंगल कार्यालयात संजीवनीचा वितरण समारंभ झाला. सरांनी रात्रभर पाठ करून एक वाक्य तयार केलं होतं: 'हे औषध अजून सिद्ध झालेलं नाही, आणि ते पाण्यात ओतण्यात धोका आहे.' वाक्य सोपं होतं. फेटा बांधला गेला, शाल पडली, नारळ हातात आला, आणि शिवराज माईकवर म्हणाला, "आता सर दोन शब्द बोलतील."

सर उठले. समोर माणसांचे चेहरे होते, आणि चेहऱ्यांकडे बघून बोलायची त्यांना सवय नव्हती. मागं फळा असता तर गोष्ट वेगळी होती. ते "हे औषध" म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायची त्यांनी वाट बघितली, पण तोवर पुढचं वाक्य निसटून गेलं होतं. ते खाली बसले. सभेला दोन शब्दांचंच भाषण मिळालं. इतका वेळेचा मान राखणारा वक्ता लोहाऱ्यात कधी झाला नव्हता, असं आभार मानणारा म्हणाला.

खाली सुशील्याच्या, म्हणजे फोडणीच्या भिजवलेल्या चुरमुऱ्यांच्या, प्लेटा फिरत होत्या. शिवराज तिखट चुरमुरे चघळत सरांच्या शेजारी येऊन टेकला.

"सर, त्या जळकोटच्या बाया लई चिकट. म्हंत्यात, सरांचं उत्तर आल्याबिगर क्यान घेणार न्हाय. पत्र धाडलंय म्हणं तुमाला?"

सरांनी प्लेट खाली ठेवली. "हो. आलं होतं."

"तुमी काय मनावर घिऊ नका. म्या मिटवलं त्ये. म्हणलं, बाई, येवढे मोठे सर, चुकीचं असतं तर लगीच कळवलं नसतं का? सर गप हायेत म्हंजी मान्य हाय. काल पटलं त्यांना. दिवाळी झाली की गाडी लावतो जळकोटला, सगळ्या तळ्यात वतून टाकू."

"त्यांच्याकडे मोटार आहे का? विहिरीवर?"

"कशाला लागती मोटार?" शिवराज म्हणाला, आणि दुसरी प्लेट आणायला उठला.

सर घरी आले ते फेट्यासकटच. ते टेबलाशी बसले. इतके दिवस आपण उत्तर दिलं नाही, अशी त्यांची समजूत होती. आता कळलं की उत्तर कधीच गेलं होतं. त्यांनी गप्प राहायचं आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ शिवराजनं जळकोटला पोचवायचा, अशी ही टपालसेवा बिनबोभाट चालू होती. त्यांनी फाडलेल्या शंकांपैकी एकही त्या बायकांपर्यंत गेली नव्हती. गेला होता तो फक्त कॅनवरचा चेहरा.

केशरबाई चहा घेऊन आल्या आणि फेट्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"ह्ये उतरवून लिवलं तर बरं सुचंल," त्या म्हणाल्या.

"काय लिहू तेच कळत नाही. मला नक्की काहीच माहीत नाही, केशर. आतडीनं वाढले की ताट मोकळं झाल्यानं, कुणालाच सांगता येणार नाही."

"मग त्येच लिवा की."

"लोक म्हणतील, इतकं शिकून याला काही माहीत नाही."

"आन न्हाय लिवलं तर?"

सरांनी फेटा काढून टेबलावर ठेवला. खिडकीतून कृषी सेवा केंद्राची पाटी दिसत होती. हे पत्र जळकोटला पोचलं की ते सगळीकडे पोचणार. मग फळीवरचे चेहरे जातील. चहावाला बाक पुसायचं थांबवील. पुढच्या वर्षी विहारात दाराशी बसावं लागेल. म्हातारपणी, कधी नव्हे ती, चार माणसांत किंमत आली होती, आणि ती आपल्याच हातानं पाकिटात घालून तिकीट लावायचं होतं. त्यांना वाटलं, सौम्य शब्दांत लिहावं. 'सर्व शक्यतांचा विचार करता' अशी सुरुवात केली तर शिवराजही दुखावणार नाही. त्यांनी तसं लिहिलंही, आणि मग त्यांना प्लास्टिकवर चढून मिशा हलवणारे झिंगे दिसले. तो कागद त्यांनी स्वतःच बंबात नेऊन घातला.

दुसरा कागद असा झाला: 'चन्नम्माबाई, कॅन घेऊ नका. ते ओतल्यानं पाण्यातली हवा संपते आणि झिंगे मरतात. निळ्या नांग्यांचे मोठे झिंगे जाळ्यानं काढून विका, आणि खाद्य एका ताटात न घालता तळंभर फेका, म्हणजे लहानांना खायला मिळेल. पोटातल्या जिवाणूंचा वाढीशी संबंध आहे, पण ते असे पिंपात आंबवून देता येतात का, हे मला माहीत नाही, आणि शिवराजलाही माहीत नाही. माझ्या लेखावर विसंबू नका. उत्तराला उशीर झाला. हे पत्र कुणालाही दाखवा. अमृत सरवदे.'

दोन ओळींपेक्षा जास्त झालं होतं, पण त्यांनी ते पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं, एवढं तरी त्यांना स्वतःबद्दल ठामपणे माहीत होतं.

सकाळी पोस्टाच्या दारात शिवराजची जीप उभी होती. मागं कॅन रचलेले होते, आणि प्रत्येक कॅनवरून सर सरांकडे बघत होते.

"सर, तुमी पोस्टात कुठं?" शिवराजनं काच खाली केली.

"पत्र टाकायचंय. जळकोटला."

"आता कशाला? म्या सांगितलंय की त्यांना."

"म्हणूनच," सर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण ते शिवराजच्या तोंडाकडे बघत होते. "कॅन घेऊ नका, असं लिहिलंय."

शिवराजनं इंजिन बंद केलं. त्याच्या कपाळावर आठी आली आणि मग हळूहळू गेलीही.

"फोटू तुमचा हाय सर त्याच्यावर."

"काढून टाक."

"आवो, छापून ठिवलेत सगळे." त्यानं मान हलवली आणि मागच्या कॅनांकडे एक नजर टाकली. "बरं, बघतो. कॉलेजात तुमच्या जागी नवीन सर आलेत न्हवं? फोटूत बी बरे दिसत्यात."

त्यानं जीप सुरू केली आणि कॉलेजच्या रस्त्यानं वळवली. सर ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी पाकीट लाल पेटीच्या फटीत सरकवलं. पेटी भरलेली असावी, पाकीट अर्ध्यावर अडकलं. कोणी बघत नाही ना हे बघून त्यांनी दोन बोटं आत घातली आणि ते खाली पडेपर्यंत ढकललं.